चार वाजताचं आभाळ: खुलताबादजवळच्या एका रिसॉर्टच्या रोप-वेचं प्रकरण

खुलताबादच्या डोंगराच्या पायथ्याशी एका शेतकरी कुटुंबाचा वॉटर पार्क आहे. नाव आणि नेमकी जागा लिहीत नाही. त्यांनी घरचे हिशेब माझ्यासमोर मांडले आणि हे प्रकरण लिहायला होकार देताना तेवढी एकच अट घातली. खाली रस्त्यालगत पार्क, रस्ता ओलांडून पलीकडे पार्किंग आणि मागच्या डोंगरावर, माळावर, ६० खोल्यांचं नवं रिसॉर्ट. तिन्ही जागा त्यांच्याच, पण एकमेकींपासून सुटलेल्या. पार्किंगपासून पार्कचं गेट ५०० मीटर. पार्कपासून माळ सरळ रेषेत ९०० मीटर आणि उंचीला ११० मीटर वर. गाडीने जायचं तर डोंगराला वळसा घालून तीन किलोमीटरचा मुरुमाचा घाट.

धाकटा मुलगा आणि सून फ्लोरिडाला जाऊन आले होते. तिथल्या डिस्ने वर्ल्डमध्ये हॉटेलातून पार्कात जायला दोरीवरून चालणारे डबे आहेत, गोंडोला. त्याचे व्हिडिओ त्यांनी मला मोबाइलवर दाखवले. एका कंपनीकडून तीन स्टेशनांच्या रोप-वेचा अंदाजही मागवून ठेवला होता: पार्किंग, पार्क, माळ. मुलगा म्हणाला, ‘‘ताई, आपल्याकडं हे झालं तर सगळा मराठवाडा बघायला येईल.’’ आबा, म्हणजे त्याचे वडील, बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘बघायला येतील हो. पण माणूस गाडीतून उतरला की वर खोलीत पोचतो का, तेवढं सांगा.’’

मी वाहतूक नियोजनाचं काम करते, बहुतेक रस्त्यांचं आणि बसस्थानकांचं. रोप-वेचा प्रश्न माझ्याकडे असा पहिल्यांदाच आला. आबांनी विचारला तो प्रश्न अगदी बरोबर होता आणि पुढचे तीन महिने मी त्याच एका प्रश्नाच्या मागे होते.

फ्लोरिडात ते का चालतं

आधी तिथली व्यवस्था नीट समजून घेतली, कारण मुलगा जे पाहून आला होता ते खोटं नव्हतं. ही गोंडोला, म्हणजे डिस्नेचा स्कायलायनर, २९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला. ऑस्ट्रियाच्या डोपेलमायर कंपनीने बांधलेला. तीन मार्गिका, जवळपास ३०० डबे, एका डब्यात १० माणसं, वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जोरात सायकल हाणणाऱ्या पोराएवढा. पण गोंडोलाचं बळ वेगात शोधायचंच नसतं. एकच पोलादी दोरी सतत फिरत असते. डबा स्टेशनात शिरला की त्याची पकड दोरीवरून सुटते, डबा अगदी गोगलगायीसारखा सरकू लागतो, माणसं चढतात-उतरतात, मग डबा वेग घेतो आणि पुन्हा दोरीला धरतो. दर काही सेकंदांनी एक डबा. १० माणसांचा डबा दर १२ सेकंदांनी सोडला तर तासाला एका दिशेने ३,००० माणसं. बसची वाट बघताना माणूस घड्याळाकडे बघतो. इथे रांग लांब असली तरी ती पुढे सरकत असते, आणि सरकणाऱ्या रांगेत माणूस चिडत नाही.

हे सगळं तिथे का परवडतं, त्याचं उत्तर खोल्यांच्या आकड्यात आहे. पॉप सेंच्युरी या रिसॉर्टमध्ये २,८८० खोल्या, शेजारच्या आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये १,९८४. या दोघांना मिळून एकच स्टेशन. नुसत्या त्या एका स्टेशनाच्या पाठीशी जवळपास पाच हजार खोल्या उभ्या आहेत. शिवाय कॅरिबियन बीच, जिथे तिन्ही मार्गिका एकत्र येतात, आणि रिव्हिएरा ही आणखी दोन रिसॉर्ट. दुसऱ्या टोकाला एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज हे दोन पार्क. मधे तळी आणि मोठे रस्ते, म्हणजे दोरीने ओलांडण्यासारखं खरंच काहीतरी. माणसं सकाळी जातात, दुपारी पोरांना झोपवायला परत येतात, संध्याकाळी पुन्हा जातात. दोन्ही दिशांना दिवसभर माणूस. प्रवासाचं वेगळं भाडं नाही, खर्च खोल्यांच्या भाड्यात जिरतो.

आणि एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. आसपास वीज चमकायला लागली किंवा वारा फार वाढला की स्कायलायनर थांबतो. तेव्हा बस लागतात. डिस्नेकडे शेकडो बसचा ताफा आधीपासून आहे आणि गोंडोला आल्यावर तो त्यांनी मोडीत काढला नाही. सुरू झाल्यावर सहाव्या-सातव्या दिवशीच, ५ ऑक्टोबर २०१९ ला, एका स्टेशनात डबे एकमेकांवर आदळून सेवा बंद पडली. काही लोक तीन तासांहून जास्त वेळ वर अडकले, काहींना अग्निशमन दलाने उतरवलं. १४ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. मधल्या नऊ दिवसांत हॉटेलांतली माणसं अडकून पडली नाहीत, कारण बस होत्या.

मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘मग आपण पण दोन गाड्या ठेवू.’’ त्याला वाटलं, ही किरकोळ बाब आहे. मलाही तेव्हा ती किरकोळच वाटली होती.

पार्किंगमधला रविवार

मे महिन्यातल्या एका रविवारी मी सकाळी साडेआठपासून पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले. सोबत दोन पोरं, हातात काउंटर. रोप-वेच्या कंपनीने दिलेल्या अंदाजात ‘दिवसाला इतके पर्यटक’ असा एकच आकडा होता. पण वाहतूक दिवसावर चालत नाही, ती तासावर चालते. कधी कधी पंधरा मिनिटांवर.

सकाळी नऊ ते साडेअकरा माणूस येत राहिला, फार दाटी न करता. क्रूझर गाड्या, मारुती, भाड्याने केलेल्या मिनीबस. जालना, सिल्लोड, वैजापूर, काही थेट परभणीहून. हे येणं गोंडोलाने सहज पेललं असतं. कागदावरची व्यवस्था अशी होती: आठ माणसांचा डबा दर १८ सेकंदांनी, म्हणजे तासाला २०० डबे, १,६०० माणसं. पण माझ्यासमोर उतरणारी माणसं कुटुंबांनी येत होती, पाच-पाच, सहा-सहा, आणि ओल्या कपड्यांची पिशवी, टॉवेल, लहान लेकरू घेऊन दुसऱ्याच्या डब्यात कोण घुसणार? एका डब्यात एक कुटुंब धरलं तर १,६०० चे हजार होतात. तरी सकाळी चाललं असतं.

दुपारी एक वाजता मात्र मला कुणीच न सांगितलेली गोष्ट दिसली. पार्कात बाहेरचं खाणं न्यायला बंदी आहे. त्यामुळे अर्धी माणसं जेवायला पुन्हा पार्किंगमध्ये आली. गाड्यांच्या सावलीत सतरंज्या पडल्या, धपाटे, दह्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी, पोरांसाठी फोडणीची पोळी. तासाभराने सगळे परत आत. म्हणजे पाचशे मीटरचा हा टप्पा माणूस दिवसातून दोनदा नव्हे, चारदा करतो. कंपनीच्या आराखड्यात दुपारच्या त्या दोन फेऱ्यांचा मागमूस नव्हता.

त्याच वेळी एका आजीशी बोलले. भोकरदनकडची, नऊवारी, गुडघे दुखतात म्हणून गाडीच्या दारातच बसलेली. तिला मी दोरीच्या डब्याचं चित्र दाखवलं आणि समजावलं, की डबा पूर्ण थांबत नाही, हळूहळू सरकत असतो, तेवढ्यात पाऊल टाकून आत बसायचं. तिने चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘‘चालत्यात चढू व्हय? एसटी तरी थांबती माझ्यासाठी.’’

तिचं बोलणं मी वहीत जसंच्या तसं लिहिलं, कारण त्यात बांधकामाचा एक मोठा मुद्दा होता. स्कायलायनरच्या बऱ्याच स्टेशनांत व्हीलचेअरवाल्यांसाठी आणि हळू चढणाऱ्यांसाठी वेगळा रूळ आहे. डबा मुख्य रांगेतून बाजूला काढून पूर्ण थांबवतात, माणूस निवांत चढतो, मग डबा पुन्हा रांगेत घालतात. बाकीची दोरी त्याच्यासाठी थांबत नाही. हा वेगळा रूळ म्हणजे जास्त जागा, जास्त यंत्र, जास्त पैसा. आमच्याकडे आलेल्या अंदाजात खर्च कमी दिसावा म्हणून तो काढून टाकला होता. म्हणजे प्रत्येक आजीसाठी सगळी दोरी मंद करायची किंवा थांबवायची. आपल्याकडे प्रत्येक तिसऱ्या गाडीत एक आजी असते. कागदावरचे तासाला हजार इथेच आणखी खाली येतात.

चार वाजून वीस मिनिटं

त्या रविवारी दुपारपर्यंत आभाळ स्वच्छ होतं. तीननंतर वेरूळच्या बाजूला ढग उभे राहायला लागले, फुलकोबीसारखे. चारला वारा फिरला. धुळीचा लोट पार्किंगवरून गेला, सतरंज्या उडाल्या. चार वाजून वीस मिनिटांनी पहिला गडगडाट ऐकू आला. पार्कच्या व्यवस्थापकाच्या मोबाइलवर दामिनी ॲप होतंच. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने काढलेलं ते ॲप आता आमच्याकडे गुराख्यांच्या मोबाइलवरही असतं. वीज जवळ आल्याचा इशारा दिसताच जीवरक्षकांनी शिट्ट्या मारल्या आणि सगळे तलाव रिकामे केले.

पाण्यातून एकदम बाहेर काढलेली हजाराच्या वर माणसं. पोरं रडतात, बाया ओल्या कपड्यांत पदर सावरतात, पुरुष चपला शोधतात. आता इथे थांबून काय करायचं, म्हणत बहुतेकांनी गाडीची वाट धरली. चाळीस मिनिटांत पार्क रिकामा झाला. पार्किंगमध्ये मी काउंटर दाबता दाबता थांबले, कारण मोजायची गरज उरली नव्हती.

ती वेळ अशी होती, की त्या दिवसातली सगळ्यात मोठी गर्दी त्या चाळीस मिनिटांत हलली. आणि त्याच चाळीस मिनिटांत रोप-वे बंद असता. वीज चमकत असताना डबे चालवत नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं हा मोकळ्यावरच्या कामांचा साधा नियम आहे. दर पाच मिनिटांनी गडगडलं, की अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.

मराठवाड्यात राहणाऱ्याला हे नवं नाही. एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत वळवाचा पाऊस हा दुपार उलटल्यावरच येतो. सकाळपासून जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, तिसऱ्या-चौथ्या प्रहरी ढग बांधला जातो. दरवर्षी आमच्याकडे वीज पडून माणसं आणि जनावरं जातात ती बहुतांश याच वेळी, शेतातून घरी परतताना किंवा झाडाखाली थांबलेली. आणि वॉटर पार्कचा हंगाम कोणता? शाळांना सुटी लागल्यापासून पहिल्या पावसापर्यंत. तेच दोन महिने, आणि पार्क सुटायचीही तीच वेळ. फ्लोरिडातही उन्हाळ्यात दुपारी असाच गडगडाट होतो, पण तिथला पार्क रात्रीपर्यंत चालतो. दुपारी चार ही तिथे सगळ्यांनी घरी जायची वेळ नाही. आमच्याकडे पाऊस आणि घरी जाणं एकाच घंटेला येतं.

म्हणजे ज्या दिवशी, ज्या तासाला रोप-वे सगळ्यात जास्त हवा, नेमका तेव्हाच तो थांबणार. मग त्या तासासाठी पुरेल एवढी दुसरी व्यवस्था ठेवावीच लागते. आणि सगळ्यात मोठ्या गर्दीला पुरणारी दुसरी व्यवस्था एकदा उभी राहिली, की ती बाकीचे तेवीस तास काय करते? हा प्रश्न मी आबांना विचारला. ते बराच वेळ गप्प बसले.

काचेची खोली

उन्हाचंही बघायचं होतं. स्कायलायनरच्या डब्यात एसी नाही. जाळ्यांतून आणि फटींतून वारा खेळतो, डबा चालू असला की हवा लागते. आमच्या ९०० मीटरला तीन-चार मिनिटं, तेवढं कुणीही सोसेल. पण अडकला तर?

पार्किंगच्या गेटवर तिकीटवाल्यासाठी ॲल्युमिनियमची आणि काचेची टपरी आहे. साधारण डब्याएवढीच. दुपारी दोन वाजता पंखा बंद करून, खिडकीची एक पट्टी उघडी ठेवून मी आत बसले. सोबत तिकीटवाला पोरगा. पाचव्या मिनिटाला मानेवरून घाम ओघळायला लागला. नवव्या मिनिटाला बसायची खुर्ची हाताला चटका देत होती. बाराव्या मिनिटाला पोरगा म्हणाला, ‘‘मॅडम, बास,’’ आणि मीही दार उघडलं. आत दोन वर्षांचं लेकरू असतं तर मी पाचव्या मिनिटालाच उघडलं असतं. दोरीवरच्या डब्याचं दार आतून उघडत नाही, आणि उघडूही नये.

अडकलेल्या माणसांना उतरवायचं कसं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. वीजपुरवठा बंद पडला तर डिझेल इंजिनावर दोरी हळूहळू चालवून डबे स्टेशनात आणतात. तशी सोय प्रत्येक चांगल्या रोप-वेला असतेच. पण दोरीच अडकली तर माणसाला वरून दोराने खाली सोडावं लागतं, आणि त्यासाठी शिकलेली, दर महिन्याला सराव करणारी माणसं जागेवर लागतात. १० एप्रिल २०२२ ला, रामनवमीच्या दिवशी, झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर रोप-वे बंद पडला तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली, बचावाला तिसरा दिवस उजाडला आणि तीन माणसं गेली. गुलमर्गला जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड दोरीवर पडलं आणि सात जण दगावले. ही उदाहरणं मी भीती घालायला दिली नाहीत. रायगडचा रोप-वे १९९६ पासून माणसं गडावर नेतोय, माझी आई त्यातूनच रायगड बघून आली. रोप-वे हे चांगलं वाहन आहे. पण ते बांधणाऱ्याने वर्षाचे बाराही महिने त्याच्याशी बांधून राहावं लागतं. आमच्याकडे बाहेरून मदत येणार ती छत्रपती संभाजीनगरहून, आणि रविवारी संध्याकाळी दौलताबादच्या दरवाजापाशी गाड्या कशा अडकतात, हे इकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही.

वरचा टप्पा

खालच्या ५०० मीटरचा निकाल तर हिशेबानेच लागला होता. पाचशे मीटर म्हणजे चालायला सात-आठ मिनिटं, लेकरांसह दहा. चार मीटर रुंदीच्या वाटेवरून जेवढी माणसं तासात चालत जातात, तेवढी कुठलीही छोटी गोंडोला नेऊ शकत नाही. माणूस चालायला कंटाळत नाही, तो उन्हाला कंटाळतो. तिथे सावली हवी होती, रस्त्याखालून एक भुयारी मार्ग हवा होता आणि आजीसाठी बॅटरीवरची गाडी.

वरच्या टप्प्यावर मी जास्त दिवस घालवले, कारण तिथे मुलाचं म्हणणं पटण्यासारखं होतं. घाट वाकडा, चढ तीव्र, वरून दौलताबादचा किल्ला दिसतो, पावसाळ्यात सगळी रांग हिरवी होते. दोरीने जाणं तिथे शोभलं असतं. पण खोल्या किती? ६०. सगळ्या भरल्या तरी अडीचशे माणसं, आणि तीही दुपारी बारा ते दोनमध्ये येणार, दुसऱ्या दिवशी नऊ ते अकरामध्ये जाणार. उरलेला दिवस दोरी रिकामे डबे फिरवणार. प्रत्येक स्टेशनात चढवायला-उतरवायला माणसं, यंत्रावर एक जाणकार, दोरीची तपासणी, पकडींची तपासणी. हे सगळं अडीचशे माणसांसाठीही तेवढंच आणि दोन हजारांसाठीही तेवढंच. वाराणसीत कॅन्ट स्टेशनपासून गोदौलियापर्यंत पावणेचार किलोमीटरच्या, पाच स्टेशनांच्या रोप-वेचा अंदाजित खर्च २०२३ मध्ये सुमारे ६४५ कोटी सांगितला गेला. ते शहराचं काम, स्टेशनं अवाढव्य, ते माप इथे जसंच्या तसं लागत नाही. पण तिथे त्या दोरीखाली काशीची रोजची गर्दी आहे. आबांच्या दोरीखाली साठ खोल्या. त्यांच्याकडे आलेला आकडा इथे लिहीत नाही. तो प्रत्येक खोलीच्या प्रत्येक रात्रीवर वाटून दाखवला तेव्हा सुनेनेच पहिल्यांदा वही मिटली.

मात्र त्या बैठकीत निर्णय झाला तो पैशावर नाही, टँकरवर. आबांनी विचारलं, ‘‘वर पाणी कसं न्यायचं?’’ माळावरच्या विहिरीला मार्चपर्यंतच पाणी असतं. पुढे रोज टँकर चढवावा लागतो. गॅसच्या टाक्या, चादरींचे गठ्ठे, भाजी, कचरा, आणि रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखलं तर रुग्णवाहिका. गोंडोला यातलं काहीच नेत नाही. घाट चांगला करावाच लागणार होता. ‘‘मग एवढा रस्ता केल्यावर माणूस बी त्यावरूनच जाईल की,’’ आबा म्हणाले.

मुलाच्या चेहऱ्याकडे बघून मला वाईट वाटलं. त्याने दीड वर्ष या कल्पनेवर काढलं होतं. मी त्याला हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीची आठवण करून दिली. नांदेड-लातूरची अर्धी घरं तिथे जाऊन आलेली आहेत. एवढ्या अफाट आवारात पाहुण्यांना फिरवतात ते बसनेच, आणि त्या लाल बसमधून फिरणं हाही लोकांना सहलीचाच भाग वाटतो. मुंबईच्या एस्सेल वर्ल्डला पूर्वी बोटीने जायचं, तर ती बोटच पोरांना पार्काइतकी लक्षात राहायची. पोचण्याचा प्रवास सुंदर करता येतो. त्यासाठी तो आकाशातूनच हवा असं नाही. अजिंठ्यालाही फर्दापूरजवळ खासगी गाड्या थांबवून पुढचे चार किलोमीटर बसनेच नेतात, आणि तिथे तर जगभरातून माणूस येतो.

आणि तरी, माझा अहवाल नुसता ‘नको’ म्हणून मी संपवला नाही. वरच्या टप्प्यावर पुढेमागे रोप-वे करायचा असेल तर तो खेळ म्हणून करा, तिकीट लावून, दिवसा येणाऱ्या पर्यटकांसाठी, सूर्यास्त बघायला. मोजके डबे, गटागटाने जाणारे, चढताना पूर्ण थांबणारे. आभाळ भरलं की निःशंकपणे बंद ठेवता येईल असा. ज्याच्या बंद पडण्याने कुणाची खोली, कुणाचं जेवण, कुणाचं औषध अडणार नाही. खांबांच्या जागा वर काळ्या कातळात येतात, पाया उत्तम. खालच्या दोन खांबांखाली मात्र काळी माती आहे, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी, तिथे खोल जावं लागेल. ती नऊशे मीटरची पट्टी मोकळी ठेवा, तिच्यावर खोली बांधू नका, झाड लावू नका, एवढं मी लिहून दिलं.

पुढचा मे

पुढच्या हंगामापर्यंत भुयारी मार्ग आणि वाट झाली. वाटेच्या मध्यावर मोठी जेवणाची शेड टाकली, बाहेरचा डबा तिथे खाता येतो, पाण्याचे नळ आहेत. दुपारची पार्किंगपर्यंतची फेरी त्यामुळे निम्म्याने कमी झाली असं डोळ्यांना तरी दिसतं. बॅटरीच्या तीन गाड्या फिरतात. घाट सिमेंटचा केला आणि त्यावर दोन छोट्या इलेक्ट्रिक बस घातल्या.

दोन गोष्टी माझ्या चुकल्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि करंज लावायला सांगितलं, पण रोपं सावली द्यायला पाच-सहा वर्षं घेतात, तोवर काय, हे लिहिलं नाही. त्यांनी हिरवी शेडनेट बांधली आणि पहिल्याच वळवाने ती फाडून विजेच्या तारेवर नेऊन टाकली. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. आता तिथे लोखंडी कैचीवर पत्रे आहेत आणि वीजरोधक बसवून नीट अर्थिंग केलंय. दुसरं, घाटाचं तिसरं वळण मी नकाशावर मोजलं होतं, जागेवर बस फिरवून बघितली नव्हती. पहिले दोन महिने प्रत्येक बसला तिथे एकदा मागे यावं लागायचं, मागे दरी, आत प्रवासी जीव मुठीत धरून. शेवटी कातळ फोडून वळण रुंद केलं. हे आधी व्हायला हवं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. साडेचारला आभाळ भरून आलं, शिट्ट्या झाल्या, तलाव रिकामे झाले. माणसं पत्र्याखालून चालत पार्किंगकडे निघाली, काही जेवणाच्या शेडमध्ये थांबली, कुणीतरी भजी तळायला घेतली होती. वरच्या बसची फेरी गडगडाट ओसरेपर्यंत थांबवून ठेवली होती आणि चालक दार लावून पाहुण्यांसकट बसमध्येच बसला होता. सव्वापाचला ती निघाली.

मुलगा मला माळावर घेऊन गेला. मोकळ्या ठेवलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना त्याने मोजणीचे दगड रोवून त्यांना पांढरा रंग दिलाय. खालच्या काळ्या मातीच्या तुकड्यात आबांनी यंदा मूग पेरायचं ठरवलंय. नांगरट झालेली होती आणि नुकताच पाऊस पडल्याने ढेकळं काळीभोर दिसत होती.